कॅमेरा फिरवा

इंजिनीअरिंग संपल्यावर पहिली मोठी मुलाखत मी केशोरीतल्या, म्हणजे आमच्या गावच्या, घरातून दिली. पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा पास झाले होते. आता कॅमेऱ्यासमोर बसून प्रोग्राम लिहून दाखवायचा होता. नेट फक्त मागच्या खोलीत नीट यायचं आणि तिथेच आई तांदूळ पाखडत बसली होती.

"अजिबात बोलू नको," मी तिला बजावलं.

"मी कायले बोलू? तू कर तुहं."

मुलाखत घेणाऱ्या सरांनी एका यादीत दोनदा आलेले आकडे शोधायला सांगितले. सुरुवात बरी झाली, मग मध्येच अडले. आईला राहवलं नाही.

"काऊन थांबली? बोल ना!"

सरांचा चेहरा कडक झाला. "खोलीत कोण आहे? कॅमेरा फिरवा."

मी लॅपटॉप उचलून फिरवला. धानाची पोती, दोरीवरचे कपडे, सूप मांडीवर घेतलेली आई. माझे कान तापले.

"त्या तुम्हाला काय सांगत होत्या?"

आईच म्हणाली, "मले हे येत असतं तं मीच नसती का बसली तिथं?"

सर हसले नाहीत. "ठीक आहे, पुढे करा," एवढंच म्हणाले. जी लाज वाटायची ती वाटून झाली होती, त्यामुळे की काय, भीती गेली. मी एकेक ओळ समजावत प्रोग्राम पूर्ण केला, त्यातली एक चूकही स्वतःच पकडली.

आठवड्याने मेल आला. निवड झाली नव्हती. का, ते लिहिलं नव्हतं.

"माह्यापायी गेली का तुही नोकरी?" आई कितीतरी दिवस विचारायची. मी नाही म्हणायचे, पण खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. माझा प्रोग्राम संथ होता? इंग्रजी कमी पडलं? की सरांची ती शंकाच नडली? काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत लागले, तरी ते प्रश्न काही मिटले नाहीत.

आता मी मुलाखती घेते. उमेदवाराची नजर बाजूला गेली की मलाही शंका येते आणि मी ती सरळ विचारते. ज्यांना नकार द्यायचा, त्यांच्या मेलमध्ये कारणाच्या दोन ओळी घालते. एचआरवाले म्हणतात, याची गरज नसते, उगाच लोक वाद घालतात. घालतात कधीकधी. मी उत्तर देते.