वहिनीच्या भिंतीवरचे साहेब

माझ्या भावाच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकतो. चप्पल कुठे काढू असं विचारायला तोंड उघडतो आणि ते उघडंच राहतं. याचं सगळं श्रेय वहिनीचं.

वहिनी रंगाच्या दुकानात मशीनवर असते. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, ती नंबर दाबते, मशीन पांढऱ्या रंगाच्या डब्यात थेंब सोडतं, डबा गदागदा हलतो आणि रंग तयार होतो. मग गिऱ्हाईक तो घरी नेतं, बायको झाकण उघडते आणि म्हणते, हा नव्हेच. डबा परत येतो. असे नाकारलेले डबे मालक दुकानाच्या मागच्या बाजूला रचून ठेवतो आणि वहिनी ते जवळजवळ फुकटात उचलून आणते. थोडक्यात, अख्ख्या गावाने जे रंग नाकारले, ते माझ्या भावाच्या घराला लागले.

स्वयंपाकघर ‘दाताच्या डॉक्टरांचं हिरवं’ आहे. त्या डॉक्टरांनी तो रंग दवाखान्याला लावायचं ठरवलं होतं, पण पेशंट आधीच घाबरलेले असतात म्हणून परत केला. बेडरूम एका नवरीने नाकारलेली जांभळी आहे. पॅसेज अर्धा पिवळा आणि अर्धा विटकरी आहे, कारण पिवळा डबा मध्येच संपला आणि मशीनने तीच चूक पुन्हा काही केली नाही.

दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. त्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो आणि तो आजवर जिवंत आहे तो त्या ब्रेकमुळे. घरात तशी सोय नाही. वहिनी डोक्यात काहीतरी घेऊन घरात शिरली की तो नुसता बघत बसतो. तिने कोल्ड्रिंकच्या नळ्यांचा दिव्यावर घुमट केला, तो बल्बच्या उष्णतेने वितळून दादाच्या पुस्तकावर ठिबकला. केबलचं मोठं लाकडी रीळ कुठूनसं ढकलत आणून त्याचं टेबल केलं, ते आजही जमिनीला थोडा उतार असल्याने रोज संध्याकाळपर्यंत वीतभर सरकतं. आईच्या तीन स्वेटरांची बटणं काढून आरशाच्या चौकटीला चिकटवली. आई थंडीत स्वेटर दोन्ही हातांनी आवळून त्या आरशासमोर उभी राहायची.

“माझी बटणं छान दिसतात,” ती म्हणायची. “मी जरा गारठते, पण बटणं छान दिसतात.”

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि संध्याकाळचा चहा तिथेच घेते. तिथला चहा चांगला असतो म्हणून नव्हे, तर आज काय झालं ते कळावं म्हणून.

तर झालं असं की बाहेरच्या खोलीच्या मोठ्या भिंतीला ओल आली. छताजवळ आधी एक डाग उमटला, मग त्याच्याखाली दुसरा. त्या भिंतीच्या बरोबर वर वरच्या मजल्यावरच्या साहेबांचं बाथरूम आहे. हे साहेब कुठल्यातरी खात्यातून रिटायर झालेले. खातं कोणतं ते बिल्डिंगमध्ये कुणालाच धड माहीत नाही, पण साहेबपण त्यांनी घरी येताना बरोबर आणलं. जिन्यावरून उतरताना आधी त्यांचं नाक दिसतं, मग पोट, मग ते स्वतः. रिटायर झाल्यावर त्यांनी बाथरूममध्ये टब बसवून घेतला होता आणि रोज सकाळी ते त्यात तास-तासभर पडून असत. ते आत उतरले की आमच्याकडे वरून ‘भस्सकन्’ असा आवाज यायचा आणि आई घड्याळ लावायची.

वहिनी वर गेली आणि नीट शब्दांत म्हणाली, “साहेब, तुमच्या टबाचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय. एकदा प्लंबरला बघू द्या.”

साहेब स्वतः खाली आले. भिंतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

“हे आमच्याकडचं नाही,” ते म्हणाले. “टब मी स्वतः समोर उभा राहून बसवून घेतलाय. ही ओल तुमच्या रंगाची आहे.”

“रंगाची?”

“हलका रंग घाम सोडतो.”

हे सांगून ते गेले. वहिनीच्या माहेरच्यांना नावं ठेवली असती तरी तिने एकवेळ सोडून दिलं असतं.

“माझ्या रंगाला घाम येतो म्हणे,” ती म्हणाली.

तिने भिंत खरवडली, भेगांत पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले. आठवडा गेला नाही तोवर सगळ्याला पापडासारखे फोड आले. प्लंबरला बोलावलं. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, “ताई, दुखणं वर आणि मलम खाली. वरची फरशी फोडल्याशिवाय काही होणार नाही.” साहेब फरशी फोडू देणार नव्हते. दादाने दोन वेळा जाऊन विनवणी केली आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा वहिनी स्टुलावर उभी होती. हातात बारीक ब्रश, पायाशी चार-पाच डबे.

“काय करतेस?”

“ओलीवर रंग टिकत नाही ना, मग ओलीच्या कडेने मारते,” ती म्हणाली. “आत तिची जागा, बाहेर माझी.”

तिने डागाची कड जशीच्या तशी गिरवली होती. बघितलं तर पाणघोडा. डोळा तिने आपल्या पदरचा घातला होता, पण पाठ, पोट आणि ती जाडी सगळी भिंतीची. दादाला तो एकदम आवडला. इतक्या वर्षांत तिच्या हातचं काहीतरी न वितळता, न सरकता जागेवर राहिलं होतं.

पण पाणी चालूच होतं. दर चार दिवसांनी ओल पुढे सरके आणि वहिनी तिच्या मागोमाग. पाणघोड्याला शिंग फुटलं म्हणून तो गेंडा झाला. गेंडा लांबत गेला तेव्हा आई म्हणाली, आता ही बोट कर. वहिनीने बोट केली. दुकानातून येताना ती काय काय शेड आणायची. कुणा वकिलाने परत केलेला राखाडी, कुणा हॉटेलवाल्याचा न चाललेला शेवाळी. ओलीच्या रंगाला बाजारातले हेच रंग शोभतात, असं तिचं म्हणणं. ती कामावरून आली की आधी भिंतीकडे बघायची, मग आमच्याकडे. दादा तर सकाळी उठून ओल कुठवर आली ते सांगायला लागला, जसं लोक पेपरातलं सांगतात.

आणि एका संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन बसले, समोर बघितलं आणि कप खाली ठेवला.

बोटीचा टब झाला होता. टबाच्या वर एक पोट आलं होतं, पोटाच्या वर छाती आणि सगळ्यांच्या पुढे एक नाक.

“वहिनी,” मी म्हटलं, “हे वरचे साहेब आहेत.”

“मी फक्त कड गिरवली.”

“आणि मिशी?”

“तिथे एक पोपडा निघाला होता.”

दादा येरझाऱ्या घालत होता. “पुसून टाक,” तो म्हणाला. “जिन्यात रोज तोंड दाखवायचं असतं मला. माणूस अंघोळ करतोय. अंगावर काही नाही त्याच्या.”

“टब आहे की,” आई म्हणाली. “टबाच्या बाहेर काही दिसत नाही. मी चष्मा लावून बघितलं.”

वहिनीने दादाचं मन राखायला साहेबांच्या डोक्यावर एक टॉवेल गुंडाळला. त्याने ते आणखीच साहेब दिसायला लागले.

आता अशी गोष्ट चार भिंतींत कशी राहणार? पाण्याचे जार टाकणारा आला, त्याने जार खाली ठेवला आणि पाठीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. नंतर बिल्डिंगमधल्या कुणाला साखर हवी होती, कुणाला स्क्रू-ड्रायव्हर, कुणाला नुसतंच ‘सहज’ यायचं होतं. सहज आलेले सगळे भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहत, आणि जाताना जिन्यात तोंडावर रुमाल धरून वर जात, कारण वरच साहेबांचं दार.

सगळ्यात शेवटी साहेबांच्या मिसेस आल्या. त्यांना आम्ही काकू म्हणतो. शांत बाई. त्यांचा आवाज मी तोवर फारसा ऐकला नव्हता. साहेब बोलत असताना तशी जागाच उरायची नाही. त्या आत आल्या, भिंतीकडे बघितलं आणि केबलच्या रिळावर बसल्या. आधी मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. वहिनीने घाबरून पाणी आणलं तेव्हा कळलं, हसतायत. इतकं हसल्या की डोळे पुसायला आईने पदर पुढे केला.

वहिनी म्हणाली, “काकू, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मी आत्ता पुसते.”

“पुसू नकोस गं,” काकू म्हणाल्या. जवळ जाऊन त्यांनी नीट पाहिलं, जशी दुकानात साडी बघतात. “पोट मात्र चुकलंय तुझं. याहून मोठं आहे.”

“तेवढी ओल आली नाही अजून.”

“येईल,” काकू म्हणाल्या. “सकाळी पुन्हा भरणार आहेत टब.”

काकूंनी घरी काय सांगितलं ते माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही चहा पीत असतानाच बेल वाजली आणि दारातून आधी नाक आत आलं. दादा उठून उभा राहिला. साहेब कुणाकडे न बघता थेट भिंतीसमोर जाऊन थांबले. खोलीत एकाच वेळी दोन साहेब होते आणि भिंतीवरचे जास्त निवांत दिसत होते.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“ओल,” वहिनी म्हणाली.

“हा मी आहे.”

“तुम्ही कसे असाल, साहेब?” वहिनीचा आवाज दुकानातला होता, गिऱ्हाइकाशी बोलायचा. “वरून जसं पाणी येतं, तशी मी कड गिरवते. तुमच्याकडून पाणी येतच नाही. मग हे दुसरंच कुणीतरी.”

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की हो म्हटलं तर टब गळतो, आणि नाही म्हटलं तर भिंतीवर कोण बसलंय याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते नाक, ती मिशी त्यांनी पुन्हा एकदा बघून घेतली. दादाने हळूच खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

“कान असे नाहीत माझे,” एवढंच म्हणाले आणि गेले.

वहिनीने दार लावलं आणि तिथेच टेकून उभी राहिली. “मी जास्तच बोलले का गं?” तिने मला विचारलं.

“बोललीस,” मी म्हटलं. “पण चांगलं बोललीस.”

त्या आठवड्यात वरून हातोड्याचे आवाज आले. ज्या प्लंबरला आम्ही आणलं होतं, तोच वर फरशी फोडत होता. टबाखालचा पाइप सांध्यात चिरला होता. तो साहेबांनी समोर उभं राहून बसवून घेतला तेव्हाच तिरका बसला असणार, असं प्लंबरने आम्हाला हळूच सांगितलं आणि बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

भिंत सुकायला लागली. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण सुकताना रंग सुटू लागला. रोज झाडू मारताना साहेबांचा एखादा तुकडा निघायचा. पोट आधी गेलं. वहिनी गुपचूप केर भरायची. ज्या भिंतीसाठी ती भांडली, ती बरी झाली आणि चित्र मात्र हातचं जात होतं. पुन्हा काढायचं म्हटलं तरी जमेना. कोऱ्या भिंतीवर तिने खडूने दोन-तीनदा काहीतरी आखलं आणि पुसलं.

“भिंत सांगायची, मी गिरवायची,” ती म्हणाली. “आता ही गप्पच बसलीय.”

गवंडी खरवडायला येणार होता त्या सकाळी साहेब पुन्हा खाली आले. हातात मोबाईल. टॉवेल आणि नाक एवढंच काय ते उरलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि मोबाईल दादाच्या हातात दिला.

“एक फोटो काढा,” ते म्हणाले. “नातीला दाखवायचाय. आमच्या मिसेसनी तिला फोनवर सगळं सांगून ठेवलंय.”

ते भिंतीशेजारी बाजूला तोंड करून उभे राहिले, नाकाला नाक लावून. दादाने तीन फोटो काढले कारण पहिल्या दोन्हींत त्याचा हात हलला. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला.

“नाक बरोबर आहे,” त्यांनी मान्य केलं. वहिनीने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावली.

नव्या गिलाव्यावर वहिनीने एका बँकेने परत केलेला फिक्का निळा लावला. अगदी साधा, कुणाच्याही घरात असतो तसा. दादाला वाटलं, ती दमली. पण दुपारच्या सुट्टीत काकू तिला वर घेऊन जायला लागल्या. साहेबांच्या घरात सगळ्या भिंती पहिल्यापासून पांढऱ्या. काकूंना त्या कधीच आवडल्या नव्हत्या, फक्त सांगायला कुणी नव्हतं. आधी त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेवर हात बसवला, मग खुर्च्यांवर, आणि आता स्वयंपाकघराचं दार सोलून त्यावर कुणा शाळेने नाकारलेला नारिंगी चढतोय. काकू कपाळावर रंगाचा पट्टा घेऊन जिन्यात दिसतात आणि पुसत नाहीत.

रंगाच्या वासाने साहेबांना वर बसवत नाही. ते संध्याकाळी खाली दादाकडे येतात. दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं काही नसतं. ते निळ्या भिंतीकडे तोंड करून बसतात.

“भिंत बरी झाली,” साहेब म्हणतात.

“हो,” दादा म्हणतो आणि वरून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज येतो तेव्हा दोघंही छताकडे बघतात.