बोर्डावरचा आठवा

शहापूर-मुरबाडच्या भिंतींवर सरकार जे काही बोलायचं, ते सगळं कुंडलिक गोजर पेंटरच्या हातून. ‘पाणी उकळून प्या’ हे त्याने शेकडो भिंतींवर रंगवलं असेल, आणि स्वतः ओढ्याचं पाणी ओंजळीने पीत आला.

सत्त्याण्णव साली रस्ता सुरक्षेची मोहीम आली. गावाजवळच्या वडाच्या वळणावर पत्र्याचा बोर्ड उभा राहिला. ‘वेग आवरा. या वळणावर आजवर गेलेले बळी’, आणि पुढे लाल आकडा. कुणी गेलं की कचेरीतून चिठ्ठी यायची. कुंडलिक सायकल काढायचा, जुना आकडा खरवडायचा आणि नवा घालायचा.

सातची चिठ्ठी आली, त्याच सकाळी गावातल्या दूधवाल्या कोंडूला तिथेच टेम्पोने उडवलं. डॉक्टरांनी हात टेकले, असं त्याचा भाऊ इस्पितळातून येऊन सांगू लागला. कुंडलिकने विचार केला, दोन दिवसांनी परत हेलपाटा कशाला? त्याने सरळ आठ काढला. शुद्ध कामचुकारपणा, दुसरं काय.

आणि कोंडू वाचला.

दोन महिन्यांनी तो काठी टेकत गावात आला, तेव्हा बायकांनी पोरांना आत ओढलं. एव्हाना बोर्डावरचा आठ पंचक्रोशीला ठाऊक झाला होता. मेले सात, लिहिले आठ. आठवा अजून जायचाय, असं म्हणत जीपवाले वळणावर गाडी हळू करत, लिंबू ठेवत, नारळ फोडत. त्या धाकाने सात महिने तिथे कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

कोंडू मात्र त्या रस्त्याने जाईना. बोर्डाजवळ गेलं की मागून कोणीतरी आपल्याला मोजतंय असं वाटतं, हे तो सांगायचा आणि सांगताना हसायचा नाही. त्याचं दूध घालणं सुटलं. शेवटी एक दिवस तो कुंडलिकच्या ओटीवर येऊन बसला.

“कुंडलिकदादा, माझा आकडा पूस. मी जिता हाय रे.”

कुंडलिकचा मुलगा संदेश अंगणात मोटारसायकल पुसत होता. तो रोज त्याच वळणावरून मुरबाडला कारखान्यात जायचा. “बाबा, नका पुसू,” तो म्हणाला. “त्या आठाला भिऊन तरी लोकं ब्रेक मारतात. मी बघतो ना रोज.”

पोरगा खरं बोलत होता. पण कोंडूचं दूध घालणं बंद पडलं होतं, आणि ते बंद पाडलं होतं कुंडलिकनेच. दुपारी तो बोर्डाशी गेला. उन्हात खरवडत बसायचा कंटाळा आला म्हणून आठावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि वर सात काढला. कोंडू शेजारी उभा राहून बघत होता. मग तो सात महिन्यांत पहिल्यांदा त्या रस्त्याने घरी गेला. कुंडलिकला फार हलकं वाटलं.

जीपवाल्यांनाही हलकं वाटलं. वळण शांत झालं म्हणाले. नारळ थांबले, गाड्या पहिल्यासारख्या सुसाट निघाल्या.

अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघालेल्या संदेशला वळणावर समोरून आलेल्या जीपने उडवलं. तो जागीच गेला.

तेरावं झाल्यावर कचेरीची चिठ्ठी आली. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. दुसरा पेंटर पाठवतो असा निरोपही होता. “नको, मीच काढतो,” कुंडलिक म्हणाला. डबा धरायला कोंडू आला.

या वेळी कुंडलिकने कंटाळा केला नाही. सात खरवडला, त्याखालचा पांढरा खरवडला. आत आठ तसाच होता. थोडा फिका, पण कडा शाबूत, त्याच्याच हातचा. नवीन काही काढायचं नव्हतंच.

“दादा,” कोंडू म्हणाला, “हा माझा व्हता.”

कुंडलिकने ब्रश बुडवला आणि तोच आठ गिरवायला घेतला.