मोरीला फरशी किती उंच

लग्न होऊन मी भोसरीला आले तेव्हा पिंपरीत औषधांचा नवा कारखाना सुरू झाला होता आणि आमचे हे तिथे सायकलवर कामाला जायचे. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी. त्यांना फेफरं येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते जेवता जेवता. हातातला घास सुटला, डोळे वर गेले आणि ते ताटावरच आडवे झाले. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. हे सावध झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाहेर बोलू नगंस. कंपनीत कळलं तर कामावर ठेवायचे न्हाईत."

तेव्हापासून हे सायकलवर निघाले की परत येईपर्यंत मी वाटेकडे बघत राहायचे. पण रस्त्यावर निदान माणसं असतात. मोरीत हे एकटे असायचे, आणि दाराला आतून कडी.

मोरी घराच्या मागे होती, काळ्या दगडाची, मातीत बांधलेली. भिंतीतून दगडांची टोकं पुढे आलेली. हे अंघोळीला गेले की मी भांडी घासायच्या निमित्ताने बाहेर बसायचे. अंगावर पाणी पडल्याचा आवाज आला की सुटकेचा निःश्वास टाकायचे. आणि मग पुढच्या तांब्याची वाट.

एका सकाळी आवाज आलाच नाही. मी हाक मारली. आत काही नाही. मामंजींनी खांद्याने दार फोडलं. हे भिंतीशी वाकडे पडले होते, कपाळ दगडावर फुटलं होतं आणि पन्हाळीतून लाल पाणी वाहत होतं. मला वाटलं, संपलं सगळं. शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, "पाय घसरला." आम्हीही सगळ्यांनी मान डोलावली. गावाला तेच सांगितलं.

त्यानंतर मामंजींनी मोरी नव्याने करायचं मनावर घेतलं. पुण्यात कुणाचा बंगला झाला होता, तिथल्या उरलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या फरश्या त्यांनी बैलगाडीतून आणल्या. असल्या फरश्या आमच्या आळीत कुणी पाहिल्या नव्हत्या.

गवंडी म्हणाला, "पुण्याकडं समदे कमरेपर्यंत घेत्यात. तुमाला किती उंच पायजे?"

"डोक्याच्या वर," मामंजी म्हणाले. "एक दगड दिसाय नको."

गवंडी चुना मळायला परड्यात गेला. मी एक फरशी उचलून तिच्यावर पाणी ओतलं आणि तळवा टेकवला. हात सरकन खाली आला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. भिंतच्या भिंत अशी झाली तर यांनी धरायचं कशाला? मामंजींसमोर मी बोलत नसे. सासूबाईंच्या कानाशी लागले, "आत्याबाई, ह्याच्यावर हात ठरत न्हाई."

हे ओट्यावर बसले होते, कपाळाला पट्टी. त्यांनी ऐकलं.

"तिचं खरं हाय," ते म्हणाले. "मला वाईच आधी कळतं. तोंडाला तांबं चाटल्यागत चव येती. मग मी दगड धरतो आन् खाली बसतो. त्या दिशी हाताला साबण होता."

मग सासूबाईंनी विचारलं, "मोरीत आधी कधी आलंय व्हय?"

"लई वेळा. थोडं असतं. उठून पाणी घेतो आन् बाहेर येतो."

मी दाराबाहेर बसलेली असायचे, कधी पाण्याला थोडा वेळ लागला तर साबण लावत असतील म्हणायचे, आणि आत हे जमिनीवर पडलेले असायचे.

मामंजींनी चुलीजवळचा एक कोळसा उचलला. मग म्हणाले, "आत जाऊन पाटावर बस." हे बसले. त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर मामंजींनी कोळशाने रेघ ओढली. फरशी तिथपर्यंत. वरचे दगड धरायला ठेवायचे, फक्त टोकं छिन्नीने गोल करून घ्यायची. आणि दाराची कडी त्यांनी स्वतः उपटून काढली.

"अर्धवट दिसंल, मालक," गवंडी म्हणाला.

"दिसू दे."

थंडी सुरू झाली तेव्हा एकदा तांब्या खणकन पडला. मी दार ढकलून आत गेले. हे खाली बसलेले होते, पाठ भिंतीला, डोळे वर गेलेले, आणि डोकं फरशीवर आपटत होतं. रक्त नव्हतं. मी मागे हात घातला. त्यांचं डोकं माझ्या तळव्यावर आपटत राहिलं आणि मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. ते थांबल्यावर मला रडू फुटलं. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि ओल्या हाताने माझा पदर धरून ठेवला. पाय घसरला असं या वेळी म्हणाले नाहीत.

त्या महिन्यात ते स्वतःहून पुण्याच्या इस्पितळात जायला तयार झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर सुस्ती यायची, पण फेफरं कमी झालं. पुरतं कधी गेलं नाही.

पुढे मुलगा झाला. तो रडता रडता श्वास कोंडून निळा पडायचा. सगळी लहान मुलं करतात असं, सासूबाई सांगायच्या. मी त्याला उराशी घट्ट धरून त्याच्या डोळ्यांत बघत राहायचे, ते वर तर जात नाहीत ना म्हणून.