नवसाची जागा

माजिवड्याहून ठाण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या मालकाने नवस केला होता: मुलगा चालू लागला तर लंगड्यापांगळ्यांना जन्मभर फुकट नेईन. मुलगा चालू लागला. ड्रायव्हरमागची जागा नवसाची ठरली.

तिथे रोज एकच माणूस बसे. मिठागरात पाय कुजून त्याच्या डाव्या पायाची पाचही बोटं कापावी लागली होती. आता तो ठाण्यात एका कचेरीत वेताच्या खुर्च्या विणायचा. दहाच्या आत हजर नसेल तर काम दुसऱ्याला, अशी तिथली ताकीद होती. तो चढला की कंडक्टर ओरडे, "सरका, मालकांचं पुण्य आलं!" आम्ही हसायचो. तोही हसायचा.

एके सकाळी तो थांब्याशी पोचायच्या आतच मोटार सुटली. काठी बगलेत मारून तो धावला आणि दांडी धरून चढला.

"अरे, लंगडा पळतोय की!" कंडक्टर म्हणाला.

"गारी चुकली असती दादा, म्हनून पललो."

कंडक्टर माझ्याकडे वळला. मी कोर्टात नकलनवीस. माझ्या शब्दाला मोटारीत वजन होतं. "भाऊसाहेब, तुम्ही मागे होतात. किती पळाला?"

मी मोजलं होतं. "अकरा पावलं," मी म्हणालो. "काठी टेकली नाही."

"अकरा! मालकांचा पोरगा अजून इतका पळत नाही!"

सगळी मोटार हसली. त्या माणसाने खाली बसून पायाची चिंधी सोडली.

"झाक ते," कोणीतरी म्हणालं, "बाया बसल्यात."

चिंधी रक्ताने भिजली होती. मला ते तो धावतानाच दिसलं होतं. पण कंडक्टरने पावलं विचारली होती, आणि न विचारलेलं बोलायची माझी रीत नव्हती.

"दादा, आजच्यापुरतं ने. काम जायल."

"पळत जा की."

नाल्यापाशी त्याला उतरवलं. तेव्हा नऊ वीस झाले होते. ठाणं तिथून पावणेदोन मैल, त्याच्या चालीने सव्वा तास. तो दहा पस्तीसला पोचणार, हे मी मोटार हलायच्या आत मनात काढलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका नकलेसाठी त्या कचेरीत गेलो. व्हरांड्यात दुसराच माणूस खुर्ची विणत होता. दोन्ही पाय धडधाकट. वीण सैल.