आठवी सुई

कराडच्या मंडईमागच्या बोळात जाफर नदाफांचं गाद्यांचं दुकान आहे, आणि दुकानामागेच घर. बाप पिंजारी, आजा पिंजारी. धनुकली जाऊन कापूस पिंजायचं मशीन आलं, तरी गादीला टाके हातानंच घालायचे हा घरचा शिरस्ता जाफरभाईंनी मोडला नाही. त्यांच्या गादीत वीस वर्षं कापूस कोपऱ्यात गोळा होत नाही, असं गिऱ्हाईक सांगतं. अशा माणसानं गेल्या तीन वर्षांत शिवल्या त्याहून जास्त गाद्या उसवल्या, हे ऐकून कुणालाही हसू येईल. बोळालाही आधी हसूच आलं.

सुरुवात अगदी किरकोळ झाली. एका संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी भिंतीवरच्या चिंध्यांच्या उशीत खोचलेल्या सुया मोजल्या. वीतभर लांबीच्या सात सुया, त्यातल्या सहाच भरल्या. सातवी दुसऱ्या दिवशी पायपुसण्यात सापडली. सापडली, विषय संपला, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण आदल्या दिवशी मलकापूरला एक पाळण्यातली गादी गेली होती, आणि जाफरभाईंच्या डोक्यात आलं, आपल्याकडं मुळात आठ सुया असतील तर? मग आठवी कुठं आहे? ती त्या गादीत आहे, बाळ पाय झाडतंय, आणि पांढऱ्या खोळीवर लाल ठिपका उमटतोय. हा ठिपका त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसायचा. नमाजात दिसायचा, भाकरी मोडताना दिसायचा.

आता वीतभर सुई तेवढ्याशा गादीत राहिली तर कुणाच्याही हाताला लागेल. जाफरभाईंना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण कळण्याचा आणि या दुखण्याचा काही संबंध नसतो, हेच तर लोकांना कळत नाही.

कापूस दमट भरला गेला, अशी थाप मारून त्यांनी मलकापूरची गादी परत आणली, उसवली, काही मिळालं नाही, शिवून पोचवली. घरी येईतो मनात आलं, परत शिवताना राहिली असली तर? तिसऱ्यांदा दारात उभे राहिले तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्या बनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आवं, गादी हाय का गठुळं? पोरगं झोपवायचं कवा आमी?” जाफरभाई खाली मान घालून परतले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांची बायको सुरय्या याला वसवसा, म्हणजे मनात शिरून बसलेली शंका, म्हणायची. तिनं मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडं नेलं. ते शहाणे निघाले, दुआ दिली आणि वर डॉक्टरांचं नावही सांगितलं. सांगलीच्या त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार येतो हा तुमचा दोष नाही, पण प्रत्येक वेळी गादी उसवून त्याला खायला घालू नका; शंका आली की तिच्यासोबत नुसतं बसून राहायचं. गोळ्यांनी धार थोडी बोथट झाली. बसून राहायचं मात्र जाफरभाईंना पटलं नाही. डोक्यात आग लागलेली असताना बसतं कोण?

समोर लालासाहेबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सगळ्या गोष्टींवर तोडगा असणारा गडी. त्यांनी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून दिला. गादीवरनं फिरवा, सुई असंल तर वढंल. दोन दिवस जाफरभाई माणसात आले. तिसऱ्या दिवशी त्यांना लोहचुंबकाचीच शंका आली. याची ताकद उतरली असेल तर? मग ते आधी चुंबकाला सुई लावून बघायचे, मग तो गादीवर फिरवायचे, आणि लावून बघितलेली सुई जागेवर ठेवली का ते बघायला परत सगळ्या सुया मोजायचे. कामात कामच वाढलं.

मग एकदा दुपारी चहा पिताना लालासाहेब म्हणाले, “जाफरभाई, जागेपणी उसवू नका. सपनात उसवा.”

“थट्टा करताय व्हय गरिबाची?”

“थट्टा न्हाई. बॉर्डरवरनं आल्यावर मला रोज एकच सपान पडायचं. लय घाम फुटायचा. तवा युनिटमधल्या एका केरळच्या पोरानं शिकवलं. दिवसातनं धा-बारा डाव घड्याळ बघायचं आन इचारायचं, आपण सपनात हाय का? मंग परत बघायचं. जागेपणी काटा हाय तितंच ऱ्हातो. सपनात दुसऱ्यांदा बघितलं की भलतीकडंच. ही सवय अंगात मुरली की सपनात बी आपण बघतो, आन कळतं, आरं, हे सपान हाय. मंग आपलंच राज्य. मी तर आमच्या सीओ सायबाला उन्हात परेड करायला लावतो.”

जाफरभाई हसले, पण गोष्ट मनात शिरली. स्वप्नात आपल्याला ठाऊक असेल की हे स्वप्न आहे, तर विकलेली एकूण एक गादी तिथं पोटभर उसवता येईल. कापूस वाया जाणार नाही, गिऱ्हाईक तुटणार नाही, सुरय्या रडणार नाही. एकदा मन भरलं की सुटलो. तीन वर्षं दमलेल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष दुसरं कुठलं दाखवणार?

एक चूक मात्र त्यांनी केली. लालासाहेब घड्याळ बघायचे. जाफरभाईंनी सुया मोजायचं ठरवलं. दुसरं काहीही चाललं असतं, स्वतःची पाच बोटं चालली असती. पण ज्या मोजण्यापायी हा माणूस बेजार झाला होता, त्यालाच त्यांनी औषध म्हणून घरात घेतलं. सुरय्या ओरडली की ते म्हणायचे, “ह्यो आभ्यास हाय.” दिवसाला दहाचे चाळीस आणि चाळिसाचे शंभर झाले.

दुपारच्या नमाजानंतर पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर ते तासभर आडवे व्हायचे. बाविसाव्या दिवशी जमलं. भिंतीवर सुया आठ दिसल्या, परत मोजल्या तर अकरा. स्वप्न! दुकान छपरापर्यंत गाद्यांनी भरलेलं होतं, वीस वर्षांच्या सगळ्या. जाफरभाईंनी कात्री घेतली आणि लगीनघाई असल्यासारखे सुटले. मलकापूरची गादी उसवली, सुई नाही. दुसरी, तिसरी, दहावी, कशातच नाही. जागे झाले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी बोळातल्या चौघांना चहा पाजला.

हलकेपणा चहा निवेपर्यंत टिकला. मग मनात आलं, ती गादी स्वप्नातली. खरी मलकापुरातच आहे.

तरी ते थांबले नाहीत. दुपारी स्वप्नात उसवायचे, उठून दुकानात उसवायचे. तोवर झोप ही एकच जागा होती जिथं त्यांना सुट्टी मिळायची; तीही त्यांनी स्वतःच्या हातानं कामाला जुंपली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, टाके वाकडे पडू लागले. लालासाहेब चुकचुकले. “सपनातलं राज्य दिलं तुमाला, आन तुमी तितं बी हमालीच करताय गड्या.”

अशातच मुलगी अर्फा बाळंतपणाला माहेरी आली. कुंडलला दिलेली, चोवीस वर्षांची, शांत पोरगी. तिला मुलगी झाली, नाव ठेवलं सुमैरा. पहिल्या नातीची गादी जाफरभाईंनी शिवायची नाही तर कुणी? जी गादी एका दुपारचं काम, तिला त्यांनी अकरा दिवस लावले. आणि नंतरच्या पंचवीस दिवसांत ती नऊ वेळा उसवली. बाळ बिचारं अर्फाच्या मांडीवर, नाहीतर घडी घातलेल्या चादरीवर झोपायचं. अर्फा कधी चिडली नाही, हेच वाईट झालं. “उसवा अब्बा, मी घालते टाके,” म्हणायची आणि दोरा ओवायला घ्यायची.

चाळिसाव्या दिवसाला दोन दिवस राहिले होते. मग सासरची माणसं येणार, मायलेकींना आणि गादीला घेऊन कुंडलला जाणार. तिथं रोज जाऊन उसवता येणार नव्हतं.

त्या दुपारी ते आडवे झाले आणि स्वप्नात त्यांना कळलं, हे स्वप्न आहे. पुढ्यात सुमैराची गादी, हातात कात्री. इथं उसवली तर कुणाचं काय जाणार होतं? पण हात उचलेना. राज्य त्यांचं होतं, हवं ते करता येत होतं, आणि करायची ताकदच नव्हती. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि त्या एवढ्याशा गादीवर अंग मुडपून पडले. आता टोचेल, असं वाटत होतं. त्यांनी वाट बघितली. वाट बघता बघता स्वप्नातच डोळा लागला.

उठले तेव्हा कितीतरी महिन्यांनी थोडी झोप झाल्यासारखी वाटली. शंका गेली नव्हती. ती होतीच उशाला. तोंड धुऊन ते आतल्या खोलीच्या दाराशी आले आणि तिथंच थबकले.

अर्फानं बाळाला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या हाताचा तळवा ती पाळण्यातल्या गादीवरनं डोक्याकडून पायथ्याकडं दाबत नेत होती. मग परत डोक्याकडून. मग तिनं गादीच्या बाजूचा लोहचुंबक उचलून फिरवला. बाळाला ठेवायला वाकली, थांबली, सरळ झाली, पुन्हा तळवा टेकवला. चार वेळा. कुणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या कपाळावरची आठी जाफरभाईंनी ओळखली. रोज दाढी करताना आरशात बघत होते ते.

आजवर त्यांना वाटायचं, हे माझं एकट्याचं आहे, माझ्यासोबत मातीत जाईल. त्यांनी पोरीच्या डोळ्यांदेखत नऊ वेळा गादी फाडली होती. ती काय शिकणार होती? आता हे तिच्याबरोबर कुंडलला जाणार, आणि तिथनं तिच्या पोरीकडं.

“दे इकडं,” म्हणत त्यांनी बाळाला घेतलं.

“थांबा अब्बा, आजून एकदा बघते.”

“नगं.”

“आन सुई असंल तर?”

या प्रश्नाला तीन वर्षं त्यांनी कात्रीनंच उत्तर दिलं होतं. ‘न्हाई’ हा शब्द ओठांवर आला होता. पण स्वतःला त्यांनी लाखवेळा न्हाई म्हणून बघितलं होतं, आणि दर वेळी पुढचा प्रश्न तयारच असायचा, कशावरून?

“असंल,” जाफरभाई म्हणाले. “असंल बी, नसंल बी. पोरीला झोप आलीया.”

त्यांनी सुमैराला गादीवर ठेवलं. तळवा फिरवला नाही. लाल ठिपका डोळ्यांपुढं नाचत होता. बाळानं जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि डोळे मिटले. बापलेक पाळण्याच्या दोन बाजूंना जमिनीवर बसून राहिले. सुरय्यानं स्वयंपाकघरातनं दोनदा चहाला हाक मारली, कुणी उठलं नाही. अर्फाचा हात दोनदा पाळण्याकडं गेला, तो जाफरभाईंनी धरला. त्यांचा स्वतःचा तीनदा गेला. तो अर्फानं धरला.