वाट बघायची लाज

"मागं लाल हाय का?" उसाची ट्रॉली दिसली की तात्यांचा पहिला प्रश्न हाच. कारखान्याच्या गाडीतळावर मी वजनकाट्यावर असायचो, ते गाड्यांना नंबर द्यायचे. ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी नसली की नंबर नाही. ड्रायव्हर शिव्या घालायचे आणि तात्या निवांतपणे खिशातली पट्टी काढून स्वतःच चिकटवायचे.

दारूला कधी न शिवलेल्या या माणसाला लिव्हरचा सिरॉसिस झाला. मधुमेहाची करणी. "पिऊन झालं असतं तर निदान चव तरी कळली असती," असं वर तेच म्हणायचे.

पुण्याला मी आणि त्यांची लेक सोबत होतो. लिव्हर बदलायचे दोन मार्ग सांगताना डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. पहिल्यात मेंदू मृत झालेल्या माणसाचं अख्खं लिव्हर. दुसऱ्यात जवळच्या नातेवाइकाच्या लिव्हरचा तुकडा. मग दोघांच्याही पोटात लिव्हर पुन्हा वाढतं.

"तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो, तसं?" तात्यांनी विचारलं.

"तसंच समजा," डॉक्टर हसले. "पहिल्यासाठी वाट बघावी लागते. दुसऱ्यात वाट नाही, पण देणाऱ्यालाही थोडा धोका असतो."

लेकीच्या तपासण्या जुळल्या. ती तयारच होती. तात्या म्हणाले, "पोरीच्या पोटाला सुरी लावायची न्हाय. पहिलंच चित्र धरा."

नाव प्रतीक्षा यादीत गेलं आणि तात्यांची चेष्टामस्करी थांबली. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, तरी संध्याकाळी इंदापूर रस्त्यावर उभे राहून ट्रॉल्या अडवून लाल पट्ट्या चिकटवायला लागले. मी ओरडलो, "तात्या, घरी बसा की!"

"बसून काय करू? कुणाचं तरी पोरगं रस्त्यात पडंल, मग मला फोन येईल. त्याचीच वाट बघतोय न्हवं मी? लाज वाटती राव."

तुम्हाला म्हणून सांगतो, लाज आम्हालाही वाटायला हवी होती. कुठं अपघात झाला असं कळलं की गाडीतळावर कुणीतरी विचारायचंच, "रक्तगट कुठला?" मीही विचारलाय.

फोन एकदाच आला. पुण्यात पोचलो, तर ते लिव्हर जास्त अत्यवस्थ रुग्णाला द्यायचं ठरलं होतं. परतताना तात्या गाडीत शांत झोपले. लेक वाटभर रडत होती. "तात्या, आजून बी माझं घ्या," एवढंच म्हणायची. हंगाम संपायच्या आत ते गेले.

दहाव्याला बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ती उठून माझ्याजवळ आली.

"समद्या म्हणत्यात, बापासाठी लई केलंस," ती म्हणाली. "काका, माझ्या अंगावर साधा ओरखडा बी न्हाय."