जेलचं वरण

हंसाबाईने भीमसिंग आडेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकटाच रांगेत उभा होता.

तांड्याच्या नळावर रांग कधीच नसते. तिथे आधी घागर घुसते, मग बाई घुसते, मग शिव्या सुरू होतात. त्या गर्दीच्या मागे चार हात अंतर ठेवून पन्नाशीचा एक माणूस बादली घेऊन ताठ उभा होता आणि पोरीसोरी त्याच्या पुढून पाणी भरून नेत होत्या. कुणी सरक म्हटलं नाही म्हणून तो सरकला नाही. नळाचं पाणी गेलं, तसा तो रिकामी बादली घेऊन परत फिरला.

"हा कोन गाढव?" हंसाबाईने शेजारणीला विचारलं.

शेजारणीने आवाज खाली आणून सांगितलं. हा भीमसिंग. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली होती त्याने, भाऊ उमरखेडच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेला. आता शिक्षा भोगून सुटून आलाय. हंसाबाई लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर, सेवादासबरोबर, पुण्याकडे बांधकामावर राबत होती. ती तांड्यात कायमची राहायला आली तेव्हा भीमसिंग आत होता. नाव ऐकलेलं, माणूस पाहिलेला नाही. खुनी म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर लाल डोळे आणि झुपकेदार मिशा यायच्या. प्रत्यक्षात निघाला हा, बादलीभर पाणी ज्याला मिळवता येत नाही असा. तिला त्याची भीती वाटली नाही, कीव आली नाही. नुसता राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातातली बादली ओढून घेतली, दोन बायांच्या मधून नळाखाली सरकवली आणि भरून त्याच्यापुढे आदळली. "असं भरतेत पानी," ती म्हणाली. "रांग लावाले हे काय रेशनचं दुकान आहे?"

तेव्हापासून तो तिच्याशी थोडं बोलू लागला. आतल्या गोष्टी फारशा सांगायचा नाही. एकदाच सांगितलं, तेही तिने विचारलं म्हणून. ग्रामपंचायतीत शिपायाने मोठ्याने हाक मारली, तर हा खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवा बसला, मान खाली, हात गुडघ्यांवर. सगळे हसले होते. हंसाबाईने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आत सकाळ-संध्याकाळ गिनती राह्यते, वयनी. आवाज आला का जोडीनं बसाचं. दोघं-दोघं. मोजाले सोपं जाते. आता ते डोक्यात नाही राह्यलं, हाडात गेलं."

तुरुंगात तो शेवटची सगळी वर्षं स्वयंपाकघरात होता. शेकडो माणसांचं वरण रोज एकसारखं लागेल असं करायचं, ही त्याची विद्या. बाहेर आल्यावर त्याने त्याच विद्येचा धंदा करायचं ठरवलं. दोन मोठी पातेली, एक कढई, लांब दांड्याचा झारा आणला, शाळेमागच्या टिनाच्या खोलीत सगळं मांडलं आणि दारावर पाटी लावली. लग्न, तेरवी, भंडारा, ज्याला लागेल त्याने सांगावं.

तांड्याला वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. पानटपरीवर बसून जगाचा न्याय करणारी माणसं त्याला जेलर म्हणू लागली. जेलचं वरण खाल्लं तर जन्मठेप लागते काय, असं एक जण विचारायचा, आणि दुसरा म्हणायचा, नाही, नुसता जामीन नाकारतेत. ही माणसं स्वतः काय करत होती? सकाळी टपरीवर बसायची, दुपारी सावली फिरली की टपरीच्या दुसऱ्या बाजूला बसायची. हंसाबाई त्यांच्यासमोरून जाताना पदरही सावरायची नाही. पदर माणसांसमोर सावरतात, असं तिचं मत होतं.

भीमसिंगलाही त्यांचं काही वाटत नव्हतं. त्याचा तिरस्कार वेगळा होता, तो जेवणाऱ्यांचा. बाहेरच्या लोकांना जेवता येत नाही, असं तो म्हणायचा. वाढून घेतात ओंजळभर, खातात चिमूटभर, आणि पत्रावळीवर भात तसाच टाकून हात धुवायला पळतात. आत कुणी शीत टाकलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला कामं मिळाली ती बाहेरगावची, त्याला न ओळखणाऱ्यांची. अशाच एका तेरवीला हंसाबाई शेजारच्या गावी गेली होती. आलू-वांग्याची भाजी तिने दोनदा मागून घेतली. आचारी कोण म्हणून मांडवामागे डोकावली तर झारा हातात घेऊन हाच उभा. तिला पुन्हा राग आला. एवढं येतं आणि बादली भरता येत नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, पुष्पाचं लग्न ठरलं होतं. घरी येऊन तिने सेवादासला सांगून टाकलं की आचारी भीमसिंग. सेवादासने डोकं खाजवलं. तो कुठल्याही प्रश्नावर डोकंच खाजवायचा, म्हणून तिने ते होकार धरलं.

तिसऱ्या दिवशी हरिसिंग दारात उभा राहिला. हरिसिंग तांड्याचा कारभारी. धुवट पांढरे कपडे घालायचा, शब्द मोजून बोलायचा, तरुणपणी सुरतच्या मिलमध्ये काढलेल्या दिवसांच्या गोष्टी पोरांना सांगायचा. तांड्यातल्या लग्नात पहिलं पान कारभाऱ्याचं असतं. तो बसला की तांडा बसतो. तो न जेवता निघाला तर मागे कुणी पाण्यालाही हात लावत नाही.

"हंसा, तुले दुसरा आचारी भेटला नाही काय?"

"भेटले ना. त्याइच्या हातचं खाल्लं बी. म्हनून तं याले सांगतलं."

"ज्याच्या हातानं मानूस मेला, त्याच्या हातचं तांडा खानार नाही. मी बसनार नाही पानावर. पाह्य तू."

तो गेला. पुष्पा आत रडायला लागली. "याडी, बदल ना आचारी," ती आईला म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. पुसदकडच्या वऱ्हाडासमोर आपलाच तांडा उपाशी उठला तर सासरी तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं, की तुझ्या बापाच्या घरचं तुझ्या माणसांनीच खाल्लं नाही. हंसाबाईला हे कळत होतं. पण टपरीवरच्या माणसांनी आपल्या मांडवातला स्वयंपाक ठरवायचा, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. भीमसिंग स्वतः येऊन म्हणाला, वयनी, मी नाही येत. तिने त्याला सुनावलं, तुमाले कोनी इचारलं? वांगे चांगले पाहून आना.

लग्न लागलं. दुपारी मांडवात सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. तांड्यातले पुरुष मांडवाच्या तोंडाशी लिंबाच्या सावलीत गोळा झाले आणि उभेच राहिले. पोटं खपाटीला गेलेली, मांडवातून बुंदीचा वास येतोय, आणि चेहऱ्यांवर मात्र धर्म राखल्याचा भाव. हंसाबाईला एकेकाचं तोंड पाहून शिसारी आली. हरिसिंग पुढे सतरंजीच्या कडेपर्यंत आला, हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला, की तांड्याची काही रीत असते, मानमर्यादा असते...

तिकडे चुलीपाशी वेगळाच गोंधळ होता. वऱ्हाडातल्या तरण्या पोरांनी पुऱ्यांच्या टोपल्यात हात घातला होता. एक जण बुंदीच्या परातीपर्यंत पोचला. दोन पुऱ्या मातीत पडल्या, त्यांच्यावर कुणाचा तरी बूट पडला. भीमसिंगने ते पाहिलं. झारा कढईच्या काठावर आपटून तो ओरडला. असा आवाज त्याच्या तोंडून तांड्याने कधी ऐकला नव्हता.

"गिनती! जोडीनं बसा!"

पोरं दचकून थांबली, पण उभीच राहिली. त्यांना काय कळणार? मांडवात फक्त एक माणूस बसला. हरिसिंगचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. हात खाली आला, गुडघे वाकले, आणि पांढऱ्या धोतरासकट तो सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला. मान खाली. हात गुडघ्यांवर. डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून.

लोकांना वाटलं, कारभाऱ्यांचं मन वळलं. भीमसिंग झारा तसाच धरून पाहत राहिला. आणि सुरतची ती मिल म्हणजे काय होतं, हे हंसाबाईला कळून चुकलं.

तिने पत्रावळ उचलली, त्याच्यापुढे ठेवली, स्वतः पाणी शिंपडलं आणि मोठ्याने म्हणाली, "कारभारी बसले. वाढा."

मग ती खाली वाकली. हरिसिंग उठायच्या बेतात होता. "सुरतले असंच बसवत होते काय, कारभारी?" तिने इतक्या हळू विचारलं की त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

हरिसिंगने मांडी घातली. लिंबाखालची माणसं आत आली, इतक्या घाईने की पहिल्या रांगेत दोघे एकाच पत्रावळीवर बसले. भीमसिंगने कारभाऱ्यांना वरण स्वतः वाढलं, दोनदा वाढलं. हरिसिंगने पत्रावळीवर शीत ठेवलं नाही.

संध्याकाळी पातेली घासताना हंसाबाईने भीमसिंगजवळ विषय काढला. त्याने तळावर आणखी एक मूठ राख टाकली.

"कच्चा कैदी असंल," तो म्हणाला. "शिक्षा लागाच्या आधीच सुटलेला. सहा-आठ महिने, जास्त नाही. पक्का असता तं पाठ सरळ राह्यली असती."

एवढंच. पुन्हा तो त्यावर बोलला नाही. हंसाबाईनेही तांड्यात कुणाला काही सांगितलं नाही. तिच्या मते ती माणसं ते ऐकायच्याही लायकीची नव्हती. टपरीवर आता सगळे सांगतात की भीमसिंगच्या हाताला चव आहे हे आपणच पहिल्यांदा ओळखलं होतं. हरिसिंग सुरतच्या गोष्टी सांगत नाही.

भीमसिंग अजून शाळेमागच्या टिनाच्या खोलीत राहतो. तांड्यातली बहुतेक लग्नं त्याच्याकडे असतात. त्याच्या पाटीवर जो फोन नंबर लिहिलेला आहे, तो हंसाबाईचा आहे.